पंखा चोरायला आलेले दोघे

वडील लखनौच्या एका संशोधन संस्थेत होते. एका उन्हाळ्यात दुपारी आई आणि मी चौकातून रिक्षाने घरी आलो, तर दाराचं कुलूप तुटलेलं. आत वडिलांच्या प्रयोगशाळेतली रोजंदारीवरची दोन विशीतली मुलं आमचा टेबलफॅन चादरीत गुंडाळत होती. दिवाळीला दोघंही आमच्याकडे फराळ करून गेली होती.

"ये क्या करता है रे?" आईने तिच्या सातारी हिंदीत विचारलं.

थोरल्याने चादर सोडून दिली. "भाभीजी, तीन महीने से तनख्वाह नहीं मिली. मकानमालिक ने सामान बाहर फेंक दिया."

आईने त्यांच्याकडूनच पंखा जागेवर ठेववून घेतला आणि दोघांना वरणभात वाढला. धाकटा जेवता जेवता रडायला लागला.

संध्याकाळी वडील चिडले. "चोरांना जेवू घातलंस?"

"पगार तुमच्या ऑफिसने अडवलाय," आई म्हणाली. "मग त्यांना जेवायला कोण घालणार?"

वडील पोलिसांत गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते लेखा विभागात ठाण मांडून बसले आणि त्या दोघांच्या हातात थकलेला पगार पडल्यावरच उठले. घरी येऊन त्यांनी आईला तेवढंच सांगितलं. ती हसली आणि चहा टाकायला आत गेली.