रेडिओ सिस्टर आणि बर्फाचं पाणी

तर, सिस्टरची गोष्ट कवळीपर्यंत आली होती. पाहुणे दारात बघून सासूबाईंनी घाईघाईनं पेल्यातली कवळी उचलली, तोंडात घातली, आणि ती नेमकी सासऱ्यांची निघाली!

"मग काय सांगू," सिस्टर म्हणाली, "सासूबाई 'या, बसा' म्हणायला गेल्या आणि तोंडातून निघाली नुसती शिट्टी. तिकडे आतल्या खोलीत सासरे सासूबाईंचे दात घालून बसलेले, त्यांचं तोंड मिटेना!"

खुर्चीतला सुतार खदाखदा हसला. गडी धिप्पाड, हसला की खुर्चीही करकरायची. गंमत अशी की त्याचा डावा हात मनगटाच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडालेला होता. ज्या पाण्यात बोट घातलं तरी ब्रह्मांड आठवावं, त्यात हात सोडून हा बाबा हसत होता.

"बरं, किती दुखतंय? शून्य ते दहा, आकडा सांगा."

"दोन. पण सासऱ्यांचं पुढं काय झालं ते आधी सांगा."

हॉस्पिटलात तिला तोंडावर सिस्टर आणि पाठीमागे रेडिओ म्हणत. तिला दोन्ही ठाऊक होतं. "रेडिओला निदान बटण असतं," असं ती स्वतःच सांगायची. लहानपणी गुरुजींनी बडबडीपायी वर्गाबाहेर उभं केलं, तर बाहेर शाळेच्या माळ्याशी बोलत राहिली. शेवटी माळीच गुरुजींच्या हातापाया पडला, की हिला आत घ्या, झाडं पाण्यावाचून सुकायला लागली.

उमेदीची सगळी वर्षं मात्र तिची प्रसूतीच्या वॉर्डात गेली. कळा देणाऱ्या बायका तिचा हात पिळून काढत आणि विचारत, "सिस्टर, जरा कमी व्हायला काही नाही का हो?" डॉक्टर येईपर्यंत तिच्याजवळ द्यायला शब्दांपलीकडे काही नसायचं. मग ती शब्दच द्यायची, ओंजळी भरभरून. पण घरी जाताना मनाला टोचणी असायची, की खरंच काहीतरी असायला हवं होतं.

म्हणून डॉक्टरबाईंनी ही चाचणी काढल्याचं कळलं तेव्हा ती आपण होऊन त्यांच्या दारात उभी राहिली. आई बाळाला जवळ घेते तेव्हा शरीरात आपोआप एक संप्रेरक पाझरतं. त्याच्याच चुलतभावासारखं एक औषध तयार झालं होतं, नाकात फवारायचं. त्यानं दुखणं कमी होतं का, हे आधी धडधाकट माणसांवर बघायचं होतं. आजारी माणसाच्या अंगात हजार भानगडी, त्यात औषधानं काय केलं ते ओळखणार कसं? तेव्हा गावातले निरोगी लोक स्वखुशीनं यायचे. निम्म्यांच्या नाकात औषध, निम्म्यांच्या नाकात मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते ना त्याला ठाऊक, ना सिस्टरला, ना डॉक्टरबाईंना. मग हात बर्फाच्या पाण्यात, आणि तोंडानं आकडा.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. जो येई तो म्हणे दोन, फार तर तीन. धोबी दोन, शाळेतल्या बाई तीन, सुतार दोन. निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, तरी कुणालाच दुखेना? डॉक्टरबाई चक्रावल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं. एक दिवस त्या दाराच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, आणि आत सासूबाईंची कवळी चाललेली!

"सिस्टर," सुतार गेल्यावर त्या आत आल्या, "ती शिट्टी ऐकून मीसुद्धा बाहेर हसले. पण आता हे सगळे आकडे टाकून द्यावे लागणार. हसवलंत तर औषधाचा गुण कुठला आणि तुमचा कुठला, कसं कळणार?"

सिस्टरचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे वाया गेलं?"

"पहिल्यापासून सुरू करू. या कार्डावर तीन वाक्यं आहेत, तेवढीच म्हणायची. वर एक अक्षर नाही. जमणार नसेल तर सांगा, तुम्हाला स्टोअरमध्ये बदली देते."

स्टोअरमध्ये म्हणजे कापसाचे गठ्ठे आणि सलाईनची खोकी. पण तिला भीती त्याची नव्हती. इतकी वर्षं ज्या 'काहीतरी'ची वाट बघितली ते आलंय की नाही, हे आपल्या जिभेपायी कळायचंच नाही, याची होती. "जमवते," ती म्हणाली. हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा जबाब.

घरी सराव सुरू झाला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, त्याच्या वाट्याचे शब्द अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होते. बायकोच्या आवाजाच्या तालावर त्याचे स्क्रू बसत. त्या संध्याकाळी घरात चिडीचूप, आणि त्याचा स्क्रू काही केल्या बसेना. त्यानं भिंग काढलं.

"रागावलीस का?"

सिस्टर गप्प.

"निळ्या कपाचा कान माझ्याकडूनच तुटला. मी चिकटवून ठेवला होता."

सिस्टर गप्प. डोळे मात्र कपाटाकडे गेले.

"बरं, तुझ्या भावाला फोन करायचा विसरलो."

गप्प.

"आणि ती छत्री बसमध्ये राहिली नव्हती. शेजारच्यांना दिली. परत मागायची लाज वाटली."

आता मात्र बांध फुटला. "अहो, मी सराव करतेय!"

"कसला?"

"गप्प बसायचा!"

"मग आधी सांगायचं नाही? उगाच तीन गुन्हे कबूल करून बसलो!"

"अजून असतील तर आठवून ठेवा. उद्याही सराव आहे."

नव्यानं चाचणी सुरू झाली आणि पहिलाच माणूस आला तो बसचा कंडक्टर. देव परीक्षा घेतो ती अशी. हा गृहस्थ म्हणजे बोलण्यात तिचा सख्खा भाऊ शोभावा. आल्या आल्या म्हणतो, "सिस्टर, काल बसमध्ये एक बाई चढल्या, कुत्र्याचं तिकीट मागायला लागल्या, आणि कुत्रा कुठं? तर घरी!"

सिस्टरच्या ओठांशी प्रश्नांची रांग लागली. तिनं कार्ड डोळ्यांसमोर धरलं. "हात पाण्यात ठेवा. सहन झालं नाही तर काढा. शून्य ते दहा, आकडा सांगा."

"सांगतो की. पण तुम्ही विचारणार नाही, घरच्या कुत्र्याला तिकीट कशाला?"

सिस्टरनं खिडकीकडे पाहिलं. कान लाल झाले होते. कंडक्टरनं हात पाण्यात घातला आणि त्याची बडबड मधेच तुटली. कपाळावर आठ्या चढल्या, दात आवळले गेले. तिच्या खोलीत पहिल्यांदाच कुणाचा चेहरा असा झाला होता.

"सिस्टर, माझ्यावर चिडलात का हो?" तो बारीक आवाजात म्हणाला.

कवळीची शिट्टी तिच्या अगदी दातांमागे येऊन उभी होती. एक वाक्य बोललं असतं तर त्याचा आकडा धपकन खाली आला असता. पण तिनं ते वाक्य गिळलं.

"आठ!" कंडक्टर ओरडला आणि हात बाहेर काढला.

तिनं आठ लिहिलं, त्याच्या हाताला उबदार टॉवेल गुंडाळला, आणि दाराबाहेर पाऊल पडताच त्याची बाही धरली. "आता सांगा, कुत्र्याचं तिकीट कशाला?" मग दोघांनी मिळून बाहेर रांगेत थांबलेल्यांना हसवून हसवून बेजार केलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी रांगच दुसऱ्या मजल्यावर हलवली.

पुढं सगळे आले तसे गेले. कुणी चार म्हणालं, कुणी नऊ. सिस्टर भिंतीसारखी. शेवटी कुणाला काय मिळालं ते लिहून बंद केलेले लखोटे उघडले, तेव्हा औषधवाल्यांचे आकडे जरासे कमी निघाले. फार नाही, चिमटीत मावेल एवढाच फरक, आणि तोही मोठ्या चाचणीत पुन्हा तपासायचा. पण होता. सिस्टरनं डॉक्टरबाईंना मिठीच मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाचा पट्टा जोरात चालू होता, कारण आता कुणी अडवणार नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. "आता मोठ्या चाचणीत तीन गट करायचे. एकाला औषध, एकाला मिठाचं पाणी, आणि तिसऱ्याला तुमची कवळीची गोष्ट."

"माझी गोष्ट? औषध म्हणून?"

"हो. पण प्रत्येकाला तीच गोष्ट, तेच शब्द, त्याच आवाजात. मधे कुणी काही विचारलं तरी फाटा फोडायचा नाही. चालेल ना?"

सिस्टरनं डोळे विस्फारले, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगं बाई! एकच गोष्ट, सगळ्यांना, आणि तीही न फुलवता? मॅडम, त्यापेक्षा मला गप्पच बसवा, ते तरी आता जमतंय!"