कोलेसिस्टेक्टमीचे तीन तुकडे

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी चोपड्याकडच्या आमच्या गावात कुठलाही कागद आला की लोक तो माझ्याकडे आणतात, आणि "कळत नाही" असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही.

बायकोला पित्ताचे खडे निघाले. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक लांबलचक इंग्रजी शब्द उच्चारला आणि विचारलं, "नाना, मराठीत समजावून सांगू का?" आजूबाजूला चार पेशंट बसलेले. मी म्हणालो, "काही गरज नाही, समजलं." आणि ऑपरेशनच्या कागदावर सही ठोकली.

बाहेर बायकोनं विचारलं, "काय करतीन?"

"निस्ते खडे काढतीन," मी ऐटीत सांगितलं. माझ्या भरवशावर तिनं कागदावर अंगठा उमटवला.

ऑपरेशन नीट झालं. चार दिवसांनी धुळ्याहून नात घरी आली. ती तिथं नर्सिंग शिकते. दवाखान्याचा कागद वाचून म्हणाली, "कोलेसिस्टेक्टमी."

"चोले लिहिलंय," इंग्रजी अक्षरं लावत मी म्हणालो.

"ग्रीक शब्द आहे, आबा. लिहितात च सारखं, म्हणायचं क. आणि जोर द्यायचा तो 'टेक्'वर." मग केळीच्या घडाच्या फण्या मोडाव्यात तसा तिनं तो शब्द मोडला. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टमी म्हणजे कापून बाहेर काढणं. "शेपटाकडून बघायचं. टॉन्सिलला एक्टमी लागली की टॉन्सिल गेले."

बायको खाटेवरून ऐकत होती. "मंग मनी पिशवी बी काढी टाकी?"

"हो आजी. पिशवी ठेवली तर खडे परत होतात."

बायको माझ्याकडे वळली. "तुमले समजनं व्हतं ना?"

"डॉक्टर लोक घाईत सांगतात, आजी," नातीनं मला वाट करून दिली. मी त्या वाटेवर पाय टाकलाही. "हो ना, त्या बाई..." एवढं बोललो आणि थांबलो. त्या बाईंनी तर विचारलं होतं.

"नही," मी म्हणालो. "माले काहीच समजनं नव्हतं."

बायकोनं पोटावरच्या पट्टीवर हात ठेवला. "मी काय नको म्हनती व्हती? पन माले सांगानं तं व्हतं."

टाके काढायला गेलो तेव्हाही बाकावर पेशंट होतेच. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "काय काय काढलं ते हिला मराठीत सांगा. तेव्हा मला कळलं नव्हतं."

बाई सांगत होत्या, बायको एकेक गोष्ट विचारत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.