रफ वहीतली अकरा रीडिंग्ज

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याजवळ दोन वह्या असतात. प्रयोग चालू असताना टेबलाशी उभे राहून जी भरली जाते ती रफ. घरी बसून, तक्ते आखून, शाईने जी उतरवली जाते ती फेअर. नगरच्या आमच्या विभागात प्रथम वर्षाच्या पहिल्याच तासाला मी सांगत असे, "फेअरमध्ये खाडाखोड चालणार नाही. आलेखावर न बसणारं रीडिंग रफमध्येच राहू द्या." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा उच्चारले होते, की ते तपासून पाहण्याची गरज मला कधी वाटली नाही.

माझी एक संशोधक विद्यार्थिनी अकोल्याची, बी.एस्सी.पासून माझ्याकडेच शिकलेली. तिने झिंक ऑक्साईडचा एक पातळ थर तयार केला होता. अमोनिया वायू लागला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून वायूचे प्रमाण कळते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या विष्ठेतून हा वायू साचतो; तिथे वायू वाढताच भोंगा वाजवणारे असे उपकरण बसवावे, ही तिची कल्पना. प्रबंध बांधणीला जायचा होता. तिच्या गावाजवळच्या महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा निघाली होती आणि अर्जाच्या मुदतीआधी तिला प्रबंध सादर झाल्याचे पत्र हवे होते. मी शेवटचे प्रकरण वाचत होतो. आलेख सरळ होता. जरा जास्तच सरळ.

"मोजणीत कधी अडचण आली नाही?" मी सहज विचारले.

तिच्याआधी, बाके पुसत असलेले आमचे परिचर बोलले. "अडचन न्हाई, सर, पन ढग आले की यंत्र लई रुसतं. मग मॅडम म्हनत्यात, मामा, आज ऱ्हाऊ द्या, उद्या बघू."

"मामा, तुमचं लक्ष बाकांवर कमी आणि माझ्यावर जास्त," ती हसली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दमट दिवसांची रीडिंग्ज आहेत, सर. अकरा. रफमध्ये."

"फेअरमध्ये का नाहीत?"

"आलेखावर बसत नव्हती. अशी रीडिंग्ज रफमध्येच ठेवायची, असं तुम्हीच शिकवलं होतं."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. मी रफ वही मागवली. अकराही दिवशी तिने हवेतील आर्द्रता व्यवस्थित नोंदवली होती. त्या प्रत्येक दिवशी, अमोनिया सोडलेलाच नसताना, थराचा रोध कमी झाला होता. थर बाष्पालाही अमोनिया समजत होता. नगरची हवा कोरडी, म्हणून असे दिवस अकराच निघाले.

तिने ते पान पुन्हा वरपासून वाचले. "आमच्याकडे पावसाळाभर हे रोजच होईल," ती म्हणाली. "शेडमध्ये भोंगा वाजत राहील, आणि वायू नसेलच."

मी शेवटच्या प्रकरणाची पाने एकत्र करून बाजूला ठेवली.

"प्रबंध आहे तसा दिला तर सही कराल, सर?" तिने विचारले.

"कालपर्यंत केली असती. आता नाही."

"मग मुदत जाईल."

"जाईल."

तिने वही मिटली आणि मामांना विचारले, बंद पेटीत ओलावा कमीजास्त करायचा असेल तर पाण्याचे पसरट भांडे कोठे मिळेल.

ते काम पाच महिने चालले. बाष्पाचा परिणाम वजा करण्याची रीत तिने बसवली आणि त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. दरम्यान ती जागा भरली गेली. पेटीचे झाकण घट्ट करताना तिने ते मला सांगितले. पुढची जागा कधी निघेल, असे तिने विचारले नाही. मलाही ते ठाऊक नव्हते.

जागा निघाली ती दीड वर्षाने, तिच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शिफारसपत्र मी लिहिले. प्रबंधाला उशीर का झाला, याचा खुलासा करताना मी लिहिले की विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या चुकीच्या सूचनेचे काटेकोर पालन केले होते. तिने ते वाचले आणि म्हणाली, "सर, एवढं वाक्य काढा. बरं दिसत नाही."

मी ते ठेवले.