माफीचा सत्कार

मिरच्यांची देठं खुडणं अर्ध्यावर आलं होतं. पोत्यावर एका बाजूला साफ केलेल्या मिरच्या, दुसऱ्या बाजूला अजून शेपट्या असलेल्यांचा ढीग, आणि मधोमध नाकाला पदर लावून बसलेली अंबूबाई. तेवढ्यात दारात गाडी थांबली. मानसिंगदादांचा माणूस खाली न उतरताच सांगून गेला, की लवकर आवरा, कार्यक्रमाला निघायचंय, आईसाहेबांना पहिल्या रांगेत बसवायचं ठरलंय.

अंबूबाईला उभ्या जन्मात कुणी आईसाहेब म्हटलं नव्हतं. मेंढरांमागं हिंडायची तेव्हा ती अंबी होती. आटपाडीत चार डाळिंबाची झाडं लावून बूड टेकलं तेव्हा अंबूबाई झाली. पोरगं धनाजी मैदानं मारू लागला तशी पैलवानाची आई झाली. आईसाहेब हे बिरूद मात्र पोरानं दुसऱ्याचा हात मोडल्यावर मिळालं. देवाच्या दारी काय न्याय आहे ते देव जाणे, पण माणसांच्या दारी हा असा आहे.

झालं होतं ते असं. धनाजी आणि सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचा वसीम, दोघं सांगलीच्या विश्रामबागेजवळच्या एकाच तालमीतले. एका खोलीत राहायचे, एका पातेल्यातलं खायचे, रोज पहाटे एकमेकांशी लढायचे. एका तालमीतली पोरं मैदानात समोरासमोर लावायची नाहीत, हा जुना रिवाज. वस्तादांनी नकोच म्हटलं होतं. पण यंदा जत्रेचं मैदान मानसिंगदादांच्या हातात होतं, आणि दादांच्या डोक्यात निवडणूक होती. सातारा विरुद्ध सांगली, असं माईकवर पुकारलं की गर्दी होते. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले बघायला तर माणसं जेवण टाकून येतात. वस्तादांचं कोण ऐकणार? पोरांनीही मान डोलावली. बक्षीस मोठं होतं, आणि आपणच दोघं आहोत, काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं.

कुस्ती लांबली. एकमेकांचे डाव दोघांना तोंडपाठ, त्यामुळं कुणाचंच काही चालेना. लोक कंटाळले. कुणीतरी ओरडलं, नुरा कुस्ती, ठरवून खेळतायत. मग सगळं मैदान तेच ओरडू लागलं. धनाजीच्या कानशिलात ते शिरलं. त्यानं वसीमचा उजवा हात पेचात धरून मागं पिळला. वसीमनं मोकळ्या हातानं त्याच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. तालमीत या चापटीचा एकच अर्थ असतो, सोड, हात जातोय. ती पडली की धरणारा त्या क्षणी सोडतो. धनाजीनं सोडलं नाही. हाड मोडल्यावर त्याच वसीमला पाठीवर पाडून तो दादांच्या माणसांच्या खांद्यावर चढला आणि हलगीच्या तालावर गुलालात निघून गेला. मागं वळून बघायला मान मोकळी नव्हती, हारच एवढे होते.

त्यानंतर गावाला काम मिळालं. व्हिडिओ गटागटांतून फिरला. पंचांची शिट्टी आधी की हाड आधी, यावर सलूनपासून दूध डेअरीपर्यंत वाद पेटला. जन्मात लंगोट न बांधलेले लोक व्हिडिओ थांबवून थांबवून कुस्तीतले नियम सांगू लागले. दोन-चार जणांनी याला भलताच रंग द्यायला घेतला, वसीमच्या आडनावापासून सुरुवात करून. तेव्हा दादांना जाग आली. मतं दोन्हीकडची होती.

चापटीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. हलगीच्या कडकडाटात तिचा आवाज कुणाला येणार? अंबूबाईनं ती मैदानाच्या कडेनं डोळ्यांनी बघितली होती. तालमीत बायकांना आत मज्जाव. म्हणून रविवारी पोरांना भेटायला आल्यावर ती आणि वसीमची आई ताहेरा खिडकीच्या गजाला डोकं लावून सराव बघायच्या. अंबूबाईच्या पिशवीत तूप, ताहेराच्या पिशवीत अंडी. एक सिद्धनाथाचं नाव घ्यायची, दुसरी दुवा म्हणायची, आणि मागणं दोघींचं एकच, कुणाचंच काही मोडू नये. चापट म्हणजे काय, हे दोघी तिथंच शिकल्या. पोरांच्या निमित्तानं जुळलेलं हे मैत्र पोरांपेक्षा घट्ट झालं होतं. भाचीच्या लग्नात रुसवा कसा काढावा इथपासून गुडघ्याला कुठलं तेल लावावं इथपर्यंत अंबूबाई ताहेराला फोन करून विचारायची.

आता तो फोन नुसता वाजत होता. जत्रेपासून ताहेरानं एकदाही उचलला नव्हता. दवाखान्यातही अंबूबाई जाऊन आली, तर ताहेरा नमाजाला म्हणून जी उठून गेली ती परतलीच नाही. अंबूबाईला पोराच्या बक्षिसाचं, बदनामीचं, दादांच्या निवडणुकीचं काही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की धनाजीनं वसीमला एक शब्द खरा बोलावा आणि ताहेरानं फोन उचलावा. नवरा भाऊसो याला तिनं हे सांगितलं, तर तो म्हणाला, आता दादा करत्यातच की कायतरी. भाऊसो आयुष्यभर पुढच्या मेंढराच्या मागनं चाललेला माणूस.

तर दादांनी जे केलं ते म्हणजे दिलगिरी व सद्भावना सोहळा. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सगळ्यांत मोठे दादा, मग गदा खांद्यावर घेतलेला धनाजी, खाली शुभेच्छुकांची टोळी, आणि अगदी कोपऱ्यात, छपाईवाल्याच्या फोन नंबराशेजारी, वसीमचा पासपोर्टचा फोटो. परक्यानं बघितलं असतं तर वाटलं असतं, छपाईवालाच तो.

अंबूबाई मिरच्यांचे हात धुऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. हात तरी आग आगच करत होते. स्टेजवर मखमलीच्या खुर्च्या होत्या. वसीम आणि त्याचे वडील इमामभाई यांना दादांच्या गाडीतून म्हसवडहून आणलं होतं. पण त्यांच्या खुर्च्या मांडायच्या राहिल्या होत्या, म्हणून मंडपातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या वर चढवून कडेला लावल्या. दीपप्रज्वलन झालं. दादांचं भाषण झालं, त्यात कुस्तीपेक्षा रस्ते जास्त होते. मग धनाजी उठला. त्यानं पाठ करून आणलेली माफी मागितली. कुस्तीशौकिनांची मागितली, तालुक्याची मागितली, दोन्ही जिल्ह्यांची मागितली, तांबड्या मातीची मागितली, दादांची तर दोनदा मागितली. राहिला एक वसीम. तो हाताच्या अंतरावर बसलेला, म्हणून नजरेतून सुटला असावा.

टाळ्या झाल्या. दोन्ही पैलवानांना हस्तांदोलनाला पुढं बोलावलं. फोटोवाला म्हणाला, पैलवान, उजवा हात द्या. वसीमचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. त्यानं डावा दिला. दादांनी दोघांचे हात आपल्या हातात घेतले आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून हसले. मग सत्कार. आपल्याकडं माणूस गेला तरी आलेल्यांचा सत्कार करायचा राहत नाही, ही तर माफी होती. धनाजीला भरजरी तुऱ्याचा फेटा बांधला. वसीमची पाळी आली तर फेटे संपले होते. त्याच्या अंगावर शाल टाकली, ती प्लास्टरवरनं घसरत राहिली. मागनं कुणीतरी सवयीनं धनाजी पैलवानाचं नाव पुकारलं आणि सगळ्या मंडपानं आगे बढो म्हणून साथ दिली. देवापुढं नारळ फोडायचा आणि खोबरं आपणच खायचं, ही आपली रीत जुनी. पण देवाला निदान शेंडी तरी ठेवतात.

इमामभाई पेढा न घेता खाली उतरले. अंबूबाई आडवी गेली. ताहेराला का आणलं न्हाई, एवढंच तिनं विचारलं. इमामभाईंनी तिच्याकडं न बघता सांगितलं, "ती न्हाई म्हणली. म्हणली, चूक त्यांची आणि माफी घ्यायला गाडीत बसून आमीच जायाचं व्हय?"

अंबूबाई वाटेतनं बाजूला झाली. तिला स्वतःचाच राग आला. ही एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही? आपणही फोनच करत बसलो. त्यांनी उचलावा म्हणून.

घरी आल्यावर धनाजी फेट्यासकट आरशापुढं उभा होता. फोटो पाठवणं चाललं होतं. त्यानं आईला सांगितलं, की मिटलं सगळं. भाऊसोनंही मान हलवली, मिटलं म्हणत्यात म्हंजी मिटलं असंल.

"त्यानं चापट मारली व्हती," अंबूबाई म्हणाली. "दोनदा."

धनाजीचा हात फेट्याच्या तुऱ्यावरच थांबला. मग तो म्हणाला, हलगी वाजत व्हती, लोकं ओरडत व्हती, त्या गोंधळात कळलं न्हाई.

"हलगी कानात वाजत व्हती. चापट पाठीवर बसली. म्हशीच्या पाठीवर माशी बसली तर तिला कळतं रं, आणि तुला न्हाई कळली?"

पैलवानानं फेटा उतरवायला घेतला. कापड पुष्कळ होतं, उलगडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्याला मान खाली घालायला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मायलेक म्हसवडला निघाले. धनाजीला दादांची गाडी मागवायची होती. आई एसटीच्या फाट्यावर जाऊन उभी राहिली. त्याला सोबत दोन मित्र घ्यायचे होते, फोटोपुरते. ती म्हणाली, माफी काय वरात न्हाई. वाटेत दिघंचीला त्यानं पेढ्याचा बॉक्स घेऊ का विचारलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. म्हसवडला उतरल्यावर त्याची शेवटची पळवाट निघाली, आधी सिद्धनाथाचं दर्शन घेऊ, मग जाऊ. सिद्धनाथ अंबूबाईचं कुलदैवत. नवरात्रात ती त्याच्यापायी अनवाणी राहते. तिनं लांबनंच शिखराला हात जोडले.

"देव कुठं जात न्हाई. त्याचा हात काय तू मोडला न्हाईस. आधी तिकडं चल."

इमामभाईंचं गाद्यांचं दुकान, मागं घर. लग्नसराई तोंडावर होती आणि कापसाचे ढीग भिंतीला लागले होते. ताहेरा ओट्यावर गाद्यांच्या खोळी उलट्या करत बसली होती. तिनं या म्हटलं, पण खोळीकडं बघत. आत वसीम डाव्या हातानं जमेल तसा कापूस सारखा करत होता. धनाजी त्याच्यासमोर उभा राहिला, छाती फुगवली, आणि सुरू झाला, "झाल्या प्रकाराबद्दल मी..."

"माईक न्हाई हितं, गड्या," वसीम म्हणाला. "हळू बोल."

धनाजीची हवाच गेली. एवढा थोरला गडी, हात कुठं ठेवावेत कळेना.

वसीमनं विचारलं, "चापट लागली व्हती का न्हाई, तेवढं सांग. बाकी तुझं भाषण ऐकलंय मी."

ओट्यावर खोळी उलटण्याचा आवाज थांबला.

"लागली व्हती," धनाजी म्हणाला. मग थांबत थांबत बाकीचं आलं. लोकं नुरा म्हणत होती. सोडलं असतं तर सगळं मैदान हसलं असतं. म्हणून न्हाई सोडलं. "चुकलं माझं, वसीम."

"हसणारी माणसं जत्रंतनं घरला गेली. हात माझ्यासंगं आला."

यावर गळाभेट व्हायला हवी होती, असं कुणालाही वाटेल. सिनेमात झालीही असती. वसीमनं कोपऱ्यातल्या कापूस झोडायच्या काठीकडं बोट केलं. नवरीकडच्या गाद्या भरायच्या राहिल्यात, म्हणाला, अब्बांचा दम पुरत न्हाई, आणि माझा हात तुझ्याकडं हाय. धनाजीनं शर्ट काढला, काठी घेतली, आणि मैदान मारायच्या जोरानं कापसावर तुटून पडला. अर्ध्या घटकेत दुकानभर कापूस उडाला. तांबड्या मातीत शोभणारा तो पैलवान पांढराफटक होऊन शिंकत उभा राहिला. इमामभाईंनी काठी हातात घेऊन दाखवली.

"हळू झोड. कापूस हाय तो, वसीम न्हाई."

वसीम हसला. प्लास्टर दुखलं असावं, कारण लगेच तोंड वाकडं केलं. पण हसला. मग बसल्या जागेवरनं त्याला डाव सांगावेत तसा सांगू लागला, कोपरातनं न्हाई, मनगटातनं, मनगटातनं रं.

बाहेर ओट्यावर अंबूबाई ताहेराच्या शेजारी टेकली. तिनं विचारल्याशिवाय एक खोळ ओढून घेतली आणि उलटी करू लागली. अंबूबाईनं मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवून आणली होती, एसटीत अख्खा रस्ता तेच केलं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, की मी बघितली होती चापट, त्याच वेळी, आणि तरी इतके दिवस फोन करत बसले.

"मीबी व्हिडिओत बघितली," ताहेरा म्हणाली. "लोकं शिट्टी शोधत व्हती. मी पोराचा हात बघत व्हते." तिनं खोळीचा कोपरा बोटानं बाहेर काढला. "माफ केलं असं आज मी म्हणणार न्हाई, अक्का. हात सरळ झाला की बघू."

"नको म्हणूस. फोन तेवढा उचल."

"बघू," ताहेरा म्हणाली. आत धनाजी पुन्हा शिंकला. ताहेरानं दारातून डोकावून बघितलं, पुढ्यातली दाभण उचलली, शेजारचं रिकामं रीळ अंबूबाईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, की हे आता भरून झोडून ठेवतील, पण शिवायचं कशानं? बसलीसच आहेस तर उठ.

अंबूबाईनं चपला घातल्या. बाजारपेठेतनं गाद्यांना टाके घालायचा जाड दोरा आणायचा होता.