सोफामास्तरांच्या हिरड्या

सोफामास्तरांची बायको अगदी मेटाकुटीला आली होती. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डॉक्टर म्हणे रक्तातली साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. साखर काही उतरेना! तिने चहा बिनसाखरेचा केला, भात मोजून वाढला, बिस्किटांचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला. तरी रिपोर्ट आला की आकडा आपला वरच.

"कुठे खाता हो चोरून?" ती विचारायची.

"अगं, नाही खात. शपथ."

"मग साखर काय हवेतून येते?"

एवढं विचारण्यापलीकडे तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं; ताट वाढायची आणि आत निघून जायची. मास्तर तसे मुलखाचे अबोल, आणि कामावर असले की बोलणार तरी कसे! जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं त्यांचं काम. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, म्हणून खिळे तोंडात. ओठांत मूठभर बारीक खिळे धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. उमेदवारीपासूनची सवय. अलीकडे थुंकीत रक्त दिसायचं, पण खिळे टोचतात म्हणून ते त्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ब्रश लागला की जास्तच यायचं, म्हणून ब्रशही सोडला. नुसती चूळ! डोळ्यांनी आता शिवण नीट दिसत नव्हती, हातोडी अंगठ्यावर बसत होती, गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली होती. आणि हा माणूस म्हणे चालायचंच.

शेवटी एकदा डॉक्टरांच्या खोलीत बायकोने पुन्हा तोंड सोडलं, तेव्हा मास्तर खाली मान घालून म्हणाले, "खातो. दुकानात बिस्किटं खातो."

डॉक्टर वैतागले. पथ्य पाळत नसाल तर मी तरी काय करू, म्हणाले, आणि पुढची तपासणी वगैरे सगळं तिथेच राहिलं. बायको मात्र निवांत झाली. चोर सापडला होता ना!

पुढे एका दुपारी मास्तरांनी उरलेले खिळे तळहातावर काढले, तर त्यांत एक दात. ना धक्का, ना दुखणं, अख्खा दात! दुकान बंद करून ते घरी आले आणि तिच्यापुढे मूठ उघडली. तिने कपाळाला हात लावला आणि त्यांना ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आत बघितलं आणि विचारलं, "रक्त कधीपासून येतंय?"

"ते खिळ्यांचं आहे. धंद्यातलंच."

"खिळ्यांचं कसलं डोंबल! हिरड्या सडल्यात तुमच्या. आत जंतूंनी घर केलंय. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या अशा सुजल्या की साखर आवरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी कधी तोंड उघडून बघितलं नाही का?"

मग बाईंनी दातांच्या मुळापर्यंत साफसफाई केली, आणखी दोन दात काढले आणि खिळे तोंडात धरायचे नाहीत अशी सक्त ताकीद दिली. मास्तरांनी नाक मुरडत छातीला खिळ्यांची पिशवी बांधली आणि घरी रोज हळू हाताने ब्रश सुरू केला. डॉक्टरांनी औषधंही बदलून दिली. आकडा हळूहळू उतरला आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

दवाखान्यातून घरी येताना बायको मधेच थांबली.

"बिस्किटं तरी नक्की सोडलीत ना हो आता?"

"कसली बिस्किटं?"

"दुकानातली! डॉक्टरांसमोर कबूल केलेली!"

"ती होय? कधी खाल्लीच नव्हती."

तिचं डोकंच फिरलं. "अहो, मग खोटं का बोललात? त्या कबुलीपायी डॉक्टरांनी पुढे काही बघितलंच नाही! तुमचे डोळे जायची वेळ आली होती!"



"खरं सांगत होतो, तेव्हा तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस गं," मास्तर म्हणाले. "खाल्लं म्हटलं, आणि त्या रात्री तू कितीतरी दिवसांनी माझ्याजवळ जेवायला बसलीस."