शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

माझ्या चुलत जावेनं जे सासूला सांगितलं नव्हतं, ते मला सांगितलं होतं. मी गावातली आशा सेविका, त्यात घरातली. गर्भाची पिशवी काढल्यापासून उसाची मोळी डोक्यावर घेतली की तिचं लुगडं ओलं व्हायचं. मुकादमाला कळलं तर तो ऊसतोडीला नेणार नाही, म्हणून ती सगळ्यांच्या मागे राहून मोळ्या वाहायची.

हे मी एका संस्थेच्या पाहणीच्या फॉर्मवर उतरवलं. शहरातल्या त्या संस्थेच्या सरांनी बायांना देवळाच्या पारावर बसवून शब्द दिला होता, नाव कुठंही येणार नाही आणि छापायच्या आधी सगळं तुम्हाला वाचून दाखवू. त्या शब्दावर बाया बोलल्या. खरं तर माझ्या शब्दावर बोलल्या, सरांना कोण ओळखत होतं?

नावाच्या जागी नंबर होता. पण पाडव्याला माणसं तोडीवरून परत आली की वाचून दाखवायला मला बाई सापडायला नको? आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘दोन बोटं नसलेल्याचा कोयता’. माझी खूण, माझ्यापुरती.

पाडवा गेला, सर आले नाहीत. अहवाल आला, तोही तलवाड्याच्या बाजारात, मुकादमाच्या मोबाईलवर. गावाचं नाव, जावेचे शब्द आणि खाली माझी ओळ, जशीच्या तशी. दोन बोटं नसलेला माणूस आमच्या गावात एकच आहे, जावेचा नवरा, माझा चुलत दीर.

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, नाव कुठं छापलंय? आणि ही माहिती आता सगळ्यांसाठी खुली आहे."

"सगळ्यांची कशी? पोट माझ्या जावेचं हाय," मी म्हणाले. त्यांना मीटिंग होती.

त्यांनी केसानं गळा कापला. आजही आठवलं की डोकं फिरतं. पण तो केस माझ्याच डोक्यावरचा होता, हे कुणाला सांगू?

दसऱ्यानंतर ट्रक भरून गेले. मुकादमानं त्यांचा कोयता घेतला नाही. "मोळी झेपत न्हाई म्हनं," एवढंच तो दिराला म्हणाला, तेही चारचौघांत, हसून.

परवा गृहभेटीला जावेच्या दारात गेले. ती उंबऱ्यात बसली होती, हात ओटीपोटावर दाबलेला. अंगाला हात लावला तर चटका बसला.

"जाऊबाई, काही त्रास?"

"काई न्हाई. सगळं ठीक हाय."

"ताप हाय तुम्हाला. चला, दवाखान्यात जाऊ. मी येते संगं."

तिनं माझ्या काखेतल्या रजिस्टरकडे पाहिलं.

"तिथं इचारत्याल," ती म्हणाली. "मग तू लिहिशील."