बेहरामशेठची पाटी मी काढली

गेल्या महिन्यात एका रविवारी चिंचवड स्टेशनसमोरच्या इराण्याच्या हॉटेलात मी एक छोटंसं भाषण ठोकलं. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांची आता लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे...

हॉटेल बेहरामशेठचं. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी असायची, 'येथे राजकारणावर बोलू नये'. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, सात-आठ वर्षं तिथे चहा पितो. पण ती पाटी का लावली असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या रविवारी आमच्या टेबलावर संयुक्त महाराष्ट्राचा विषय तापला होता. बेहरामशेठ दोनदा येऊन म्हणाले, "मास्तर, जरा हळू..." तेवढ्यात सखारामने मला डिवचलं. तो निघोज्याचा, हल्लीच पिंपरीच्या कारखान्यात लागलाय.

"काय वो मास्तर, पोरांस्नी शिकवता, बोलायचं स्वातंत्र्य हाय म्हून. मंग हितं का न्हाई?"

झालं. मी उठलोच. राज्यघटनेने या देशात प्रत्येकाला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय, चहाच्या दुकानात ते काढून घेणारे आपण कोण... असं बरंच काही बोललो. मग खुर्चीवर चढून पाटी खिळ्यावरून उतरवली.

बेहरामशेठनी पाटी माझ्या हातून घेतली, फडक्याने पुसली आणि गल्ल्याखाली ठेवली. मला वाटलं, पटलं त्यांना!

आठवड्याने गेलो तर हॉटेल बंद. मागच्या दाराशी त्यांच्या पत्नी भेटल्या. म्हणाल्या, "पुण्याला बोलावलंय त्यांना, पोलिसांकडे. इथे सभा भरते म्हणून कोणीतरी कळवलंय."

तेव्हा कुठे मला कळलं, की बेहरामशेठ कागदोपत्री अजून इराणचे नागरिक आहेत. तीस वर्षं इथे राहतायत, दोन्ही मुलं माझ्याच वर्गातून पुढे गेली. पण राहण्याचा परवाना दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो, आणि यंदाचा अडकला होता. तो मिळाला नाही तर देश सोडायचा. "तिकडे आमचं कोण आहे हो?" बाई म्हणाल्या.

घरी येऊन राज्यघटनेची प्रत उघडली. कलम एकोणीस... तिथे 'सर्व नागरिकांना' असं आहे. मी 'प्रत्येकाला' म्हणून आलो होतो! आणि हेच मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होतो.

दोन पानं पुढे कलम एकवीस आहे. तिथे मात्र कोणत्याही व्यक्तीच्या जीविताचं रक्षण आहे, मग ती नागरिक असो वा नसो. म्हणजे बेहरामशेठनी जगावं याची काळजी कायद्याने घेतलेली, पण बोलण्याचं काय? पेन्सिल घेऊन बराच वेळ बसलो... कुतूहल काही शमेना.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या वकील मित्राला गाठलं. आम्ही कॉलेजात एकत्र होतो. तीस वर्षं राहिलेल्या माणसाला नुसत्या बोलण्यावरून घालवून देता येतं का, असं विचारलं.

"परक्या नागरिकाला सरकार जा म्हणू शकतं. कारण सांगायचीही सक्ती नाही."

"अरे, पण ते बोललेच नाहीत. बोललो आम्ही."

तो हसला. "मग तुला कुठे पाठवायचं? चऱ्होलीला?"

मी चऱ्होलीचाच. हसू आलं आणि गेलंही... बोललो मी, आणि घरदार त्यांचं पणाला लागलं. ती पाटी गिऱ्हाइकांना गप्प करण्यासाठी असेल, असं मी धरून चाललो होतो. एका शब्दाने त्यांना विचारलं असतं तर?

मित्र म्हणाला, झालेलं पोलिसांना लिहून दे, पण भाषण नको. तरी दोन दिवस मी चालढकल केली. माझी शाळा सरकारी अनुदानावर चालते, त्यात हेडमास्तर भित्रे... ही सबब खरी होती की सोयीची, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

शेवटी पाच ओळी लिहिल्या. पाटी मालकाला न विचारता मी काढली, बोलणं आमचं होतं, मालकांनी दोनदा आम्हाला थांबवलं. सखारामला कळलं तेव्हा तो कामावरून तसाच माझ्या घरी आला. म्हणाला, "माझं बी नाव घाला. डिवचलं म्या, आन् निस्तरायचं त्या शेटनं व्हय?"

आम्ही दोघं पुण्याला जाऊन कागद देऊन आलो. साहेबांनी वाचला, माझ्या शाळेचं नाव विचारून टिपून घेतलं, आणि "या" म्हणाले. बस, एवढंच.

परवा परवाना आला, एका वर्षाचा. आमच्या कागदामुळे आला की तसाही आला असता, ठाऊक नाही. माझ्या शाळेत अजून तरी कोणी चौकशीला आलेलं नाही...

काल बेहरामशेठनी मला बोलावून घेतलं. त्यांना नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, वकील मित्रानेच कागद पाठवले होते. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मध्येच त्यांनी माझा हात थांबवला.

"मास्तर, एक विचारू? सिटिझन झाल्यावर... बोलावं लागतं का?"

"नाही हो शेठ. तसं काही नाही."

"मग लिहा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीला नीट टेकून बसले.

उत्तर मी लगेच देऊन टाकलं खरं... पण घरी येताना लक्षात आलं, हेही मी पुस्तकात न बघताच सांगितलं. आज शाळेत जायच्या आधी कलम पुन्हा वाचणार आहे.